माहिती विकायची ठरवली, पण विषय कुठून आणायचा?

प्रश्न विचारणाऱ्या ताई ठाण्यात राहतात आणि अनेक वर्षे सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहितात. ऑनलाइन विकता येईल असे ई-पुस्तक, कोर्स किंवा तत्सम काही तयार करण्याची त्यांची इच्छा आहे. मात्र "जो विषय मनात येतो तो यूट्यूबवर आधीच फुकट आहे आणि माझ्याकडे सांगण्यासारखे वेगळे असे काही नाही," असे त्यांचे म्हणणे आहे. अशी डिजिटल उत्पादने मराठीत काढणे आणि इतरांना काढायला मदत करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मी थोडे सविस्तर लिहितो.

ताई, आपल्या अडचणीचे मूळ मला 'विषय' शोधण्याच्या पद्धतीत दिसते. विषय शोधायला बसले की डोळ्यांपुढे पुस्तकांच्या दुकानातल्या कप्प्यांची नावे येतात: गुंतवणूक, आरोग्य, पालकत्व, इंग्रजी संभाषण, स्पर्धा परीक्षा. या प्रत्येक कप्प्यात आपल्या आधी शेकडो लोक पोहोचलेले असतात, त्यामुळे आपण तिथे उपरे आहोत असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पैसे मोजणारा माणूस विषयासाठी ते मोजत नसतो. त्याचे एखादे काम अडलेले असते, ते चुकले तर पैसा, वेळ किंवा चारचौघांतली पत जाणार असते, आणि ते ठरावीक तारखेच्या आत उरकायचे असते. म्हणून विषयाचा नाद सोडून अशी अडलेली कामे टिपून ठेवायला लागावे, एवढेच माझे मुख्य सांगणे आहे. पुढे जे लिहितो ते कामे कुठे टिपायची आणि त्यांतली कोणती विकली जातील हे कसे ओळखायचे याबद्दल आहे.

माहिती फुकट मिळते म्हणून तिच्यावर आधारलेली वस्तू विकली जात नाही, हा समज मराठी माणसाने तरी बाळगू नये. पंचांगातली माहिती कधीच गुप्त नव्हती. तिथी, वार, नक्षत्र घरातल्या पंचांगात छापलेलेच होते. जयंत साळगावकरांनी 1973 मध्ये 'कालनिर्णय' काढले, तेव्हा तीच माहिती भिंतीवर, तारखेच्या चौकोनात, स्वयंपाकघरातून मान वर करून वाचता येईल अशी मांडली. चतुर्थी केव्हा आहे हे विचारायला कोणाकडे जाण्याची गरज उरली नाही आणि लोक दरवर्षी नवी प्रत विकत घेऊ लागले.

आपल्या बाबतीत शोधाची पहिली जागा म्हणजे आपलाच फोन. व्हॉट्सॲपवर सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी आणि खजिनदारांनी गेल्या वर्षभरात जे प्रश्न विचारले, ते सगळे एका वहीत तारखेसह उतरवून काढावेत. प्रश्न स्वतःच्या शब्दांत सुधारून घेऊ नयेत. विचारणाऱ्याने जसा विचारला तसाच लिहावा. "ताई, ऑडिटरने आय रजिस्टर अपूर्ण असा शेरा मारलाय, आता लिहून काय द्यायचं?" हे वाक्य जसेच्या तसे मौल्यवान आहे, कारण त्यात माणूस कुठे उभा आहे हे कळते. त्याला 'आय' नमुना म्हणजे सभासदांची नोंदवही हे ठाऊक आहे, लेखापरीक्षण झाले आहे, शेरा हाती आला आहे आणि आता उत्तर द्यायचे आहे. आपण त्याला 'गृहनिर्माण संस्थेची दप्तरव्यवस्था' नावाचे दोनशे पानी पुस्तक दिले तर तो आभार मानून बाजूला ठेवील. त्याला हवा आहे तो दोषदुरुस्ती अहवाल, म्हणजे 'ओ' नमुना, कसा भरायचा याचा भरलेला नमुना.

हेच उदाहरण थोडे पुढे नेऊन पाहू, कारण चांगली कल्पना कशी घट्ट होत जाते ते त्यात दिसते. लेखापरीक्षण अहवाल मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. बहुतेक लहान सोसायट्यांमध्ये हे काम करणारा सेक्रेटरी मानद असतो. दिवसभर नोकरी करून रात्री जेवण झाल्यावर तो कागद घेऊन बसतो. ऑडिटरचे शेरे मात्र सोसायटी बदलली तरी फारसे बदलत नाहीत: सभासद नोंदवही अद्ययावत नाही, भाग दाखले (शेअर सर्टिफिकेट) दिलेले नाहीत, नामनिर्देशनाची नोंद नाही, सिंकिंग फंडाची, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीची, रक्कम वेगळी गुंतवलेली नाही, थकबाकीदारांवर कारवाई केलेली नाही, अभिहस्तांतरण (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे होणे) झालेले नाही, स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) केलेले नाही. आपण इतकी वर्षे हे शेरे वाचत आला आहात. असे नेहमीचे पंचवीस-तीस शेरे घ्यावेत. प्रत्येकाखाली त्याचा अर्थ दोन ओळींत लिहावा, आधी प्रत्यक्षात काय दुरुस्त करायचे ते सांगावे, मग अहवालात कोणते वाक्य लिहायचे ते द्यावे, आणि लागणाऱ्या ठरावाचा मसुदा सूचक-अनुमोदकाच्या रिकाम्या जागांसह जोडावा. हे उत्पादन तीस-पस्तीस पानांचे होईल, आणि ते यूट्यूबवर नाही. तिथे या विषयावर व्हिडिओ असतीलही, पण भरलेला कागद व्हिडिओतून उचलता येत नाही.

वहीतले दुसरे सोने म्हणजे पुन्हा पुन्हा होणारी एकच चूक. सिंकिंग फंडाचे घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, तो दरसाल सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के असतो आणि त्यात जमिनीची किंमत धरायची नसते. आता एखाद्या सदनिकेचा बांधकाम खर्च 12 लाख असेल, तर वर्षाला 3,000 म्हणजे महिन्याला 250 रुपये झाले. नव्या समितीतला खजिनदार मात्र करारनाम्यातली 60 लाखांची खरेदी किंमत धरतो, त्याचे वर्षाला 15,000 येतात, आणि मग सभेत जे व्हायचे ते होते. दुरुस्ती निधीच्या 0.75 टक्क्यांतही हाच घोळ, बिनवापर शुल्कातही. भाड्याने दिलेल्या सदनिकेवर ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक लावता येत नाही आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. तरी बिल सरसकट एकूण रकमेवर काढले जाते. जिथे चूक आकड्यात असते तिथे पुस्तकापेक्षा एक्सेलची फाइल चांगली विकली जाते, हा माझा अनुभव आहे. आकडे भरले की मासिक बिल तयार आणि शेजारच्या रकान्यात त्यामागचा नियम, इतके पुरे. सभेत कोणी हरकत घेतली तर खजिनदाराला बोट ठेवून दाखवता आले पाहिजे, कारण तो खरे तर या निर्धास्तपणासाठी पैसे देत असतो.

शोधाची दुसरी जागा गूगलचा शोधचौकोन आहे, पण तो वाचण्याची एक रीत आहे. मराठीत आणि रोमन लिपीतल्या मराठीत, दोन्ही प्रकारे शब्द टाकून खाली आपोआप येणाऱ्या सूचना पाहाव्यात. आपले लोक दोन्ही तऱ्हांनी शोधतात आणि रोमन लिपीकडे दुर्लक्ष केले तर निम्मा बाजार दिसतच नाही. सूचनेच्या शेवटी 'म्हणजे काय' असेल तर शोधणारा कुतूहलाने आला आहे. त्याला व्हिडिओ पुरतो आणि तो खिशात हात घालत नाही. शेवटी 'नमुना', 'अर्ज', 'फॉरमॅट', 'शुल्क', 'मुदत' किंवा 'कागदपत्रे' असेल तर तो काम करायला बसला आहे. बिल्डर मालकी करून देत नसेल तेव्हा सोसायटी सरकारी अधिकाऱ्याकडून जे मिळवते त्या मानीव अभिहस्तांतरणाचे पाहा: 'मानीव अभिहस्तांतरण म्हणजे काय' आणि 'मानीव अभिहस्तांतरण कागदपत्रे यादी' हे दोन वेगळे ग्राहक आहेत. पहिल्याला मोफत लेख द्यावा, दुसऱ्याला वस्तू विकावी.

ज्या यूट्यूबला आपण घाबरता, ते या धंद्यातले सर्वांत स्वस्त सर्वेक्षण आहे. सोसायट्यांच्या प्रश्नांवरचा कोणताही लोकप्रिय मराठी व्हिडिओ उघडून त्याखालच्या प्रतिक्रिया वाचाव्यात. व्हिडिओ नाही पाहिला तरी चालेल. "सर, पण आमच्याकडे नॉमिनी एक आणि वारस तिघे आहेत, तर शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावे करायचे?" असे प्रश्न तिथे महिनोन्महिने उत्तराविना पडून असतात. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर नामनिर्देशित व्यक्तीला 'तात्पुरता सभासद' म्हणून घेण्याची तरतूद आली, आणि त्यामुळे समित्यांचा गोंधळ मिटण्याऐवजी आणखी वाढला, हे आपण रोज पाहत असाल. 'सभासदाच्या निधनानंतर समितीने काय करावे' एवढ्या एकाच घटनेवर, अर्ज येण्यापासून ठरावापर्यंत, एक स्वतंत्र संच होऊ शकतो. त्याचप्रमाणे या क्षेत्रातली पुस्तके ऑनलाइन जिथे विकली जातात तिथली तीन तारे दिलेली परीक्षणे वाचावीत. पाच तारेवाला कौतुक करतो आणि एक तारावाला पार्सल फाटले म्हणून चिडलेला असतो. तीन तारेवाला नेमके काय कमी पडले ते सांगतो.

तिसरी जागा इंटरनेटवर नाही. उपनिबंधक कार्यालय, तहसील, न्यायालय यांच्या बाहेरच्या झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानांत अर्धा दिवस घालवावा. अर्जाचे कोरे नमुने सहसा मोफतच असतात, तरी लोक तिथे पैसे देतात, कारण टाइप करणारा "इथे हे लिहा, हे जोडा, इथे सही" असे सांगतो. कोणता अर्ज सर्वाधिक वेळा टाइप होतो आणि कोणता वारंवार परत येतो, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारले तर आठवडाभराच्या संशोधनाचे काम होते. जिल्हा हाउसिंग फेडरेशनमध्ये छापील उपविधी, नोंदवह्या, अर्ज विकत मिळतात, तेही पाहून यावे. जे कागदावर विकले जाते त्याला गिऱ्हाईक आहे हे सिद्ध झालेलेच असते. आपल्याला फक्त कागदाने न भागणारा भाग शोधायचा असतो.

वहीत शंभरएक प्रश्न जमले की चाळणी लावण्याची वेळ येते. चाळणीत मी सर्वांत आधी पैसे कोणाच्या खिशातून जाणार हे पाहतो, आणि नवशिके लोक नेमके हेच विसरतात. आपला वाचक मानद सेक्रेटरी आहे; सोसायटीच्या कामासाठी तो स्वतःचे पाचशे रुपये कशाला घालील? पैसे सोसायटी देणार, म्हणजे समितीच्या सभेत खर्च मंजूर होणार, व्हाउचर फाटणार आणि पुढच्या वर्षी ऑडिटर ते पाहणार. म्हणून सोसायटीच्या नावे रीतसर पावती मिळणे हा आपल्या उत्पादनाचाच भाग आहे. किंमतही समितीला चर्चेविना मंजूर करता येईल अशी हवी. याउलट, जो सभासद समितीशी भांडतो आहे तो स्वतःच्या खिशातून आणि लगेच पैसे देतो. पण सभासदांसाठी 'समितीला धडा कसा शिकवावा' असे काही काढायचा मोह आपण टाळावा, कारण आपले हिशेबाचे काम समित्यांकडूनच येते.

याच चाळणीतून एक वेगळा ग्राहक पुढे येतो, ज्याचा विचार आपण कदाचित केला नसेल. पुण्यात किंवा ठाण्यात सदनिका आहे आणि मालक अमेरिकेत, दुबईत किंवा सिंगापुरात आहे, असे हजारो मराठी कुटुंबांचे आहे. बिनवापर शुल्क लागते की नाही (आई-वडील राहत असतील तर लागत नाही), सभेला कोण बसू शकते, परदेशात केलेल्या कुलमुखत्यारपत्राचे (पॉवर ऑफ अटर्नीचे) पुढे काय करायचे, असे प्रश्न या माणसाला पडतात. असा दस्त महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे अनेकांना मुदत उलटल्यावर कळते. त्याला ठाण्याच्या खिडकीपाशी उभे राहता येत नाही आणि रात्रीच्या वेळी फोन करून नातेवाइकांना त्रास देणे नको वाटते, त्यामुळे व्यवस्थित लिहिलेल्या माहितीची त्याला इथल्या माणसापेक्षा जास्त किंमत वाटते. कायद्याचा भाग मात्र वकिलाकडून तपासून घ्यावा आणि त्यांच्या संमतीने तसे नमूद करावे. आपण हिशेबातल्या जाणकार आहात, मुखत्यारपत्राचा मसुदा हा आपला प्रांत नव्हे.

चाळणीचा दुसरा भाग म्हणजे हंगाम. आपल्या क्षेत्राला तो ठळक आहे: 31 मार्चला वर्ष संपते, एप्रिल-मेमध्ये हिशेब जुळवणे, मग लेखापरीक्षण, 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा आणि तिच्या पूर्ण 14 दिवस आधी नोटीस. सभेच्या नोटिशीचा आणि इतिवृत्ताचा संच डिसेंबरात कितीही चांगला मांडला तरी पडून राहील; तोच ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात विचारत येतील. द्राक्षबागायतदाराला छाटणीचे वेळापत्रक विकणारा एप्रिल आणि ऑक्टोबर धरून चालतो, तसे आपलेही मोसम ठरलेले आहेत. हंगाम नसलेली कल्पना वाईट असते असे नाही, पण ती विकायला जाहिरातीचा खर्च अधिक येतो.

चाळणीतून कोणते विषय गाळावेत याबद्दल मी थोडा कठोर आहे. शेअर बाजाराच्या टिप्स देणारे काहीही, सेबीची नोंदणी असल्याशिवाय, काढू नये. आजार बरे करण्याच्या दाव्यांचे तसेच. त्याला 1954 पासून स्वतंत्र कायदा आहे. 'ऑनलाइन पैसे कसे कमवावेत' हे शिकवणारे कोर्स ज्यांनी दुसऱ्या कशातूनही पैसे कमावलेले नाहीत असे लोक विकतात, तेव्हा तो बाजार त्यांनाच लखलाभ असो. टेलिग्रामवर 'हजार ई-पुस्तकांचा गठ्ठा 99 रुपयांत' घेऊन त्यावर आपले नाव घालणे ही सरळ चोरी आहे. स्पर्धा परीक्षांच्या नोट्सना मागणी प्रचंड आहे, पण पहिली प्रत विकली गेली की संध्याकाळपर्यंत तिची पीडीएफ प्रत्येक अभ्यासिकेच्या ग्रुपवर फिरते.

फिरणाऱ्या पीडीएफची भीती आपल्यालाही वाटेल. तिच्यावर कुलूप हा उपाय नाही. ज्याची जुनी प्रत निरुपयोगी होते किंवा ज्यासोबत माणूस मिळतो, अशी कल्पना निवडणे हा उपाय आहे. सहकार खात्याची परिपत्रके, उपविधीतल्या दुरुस्त्या, जीएसटीचे नियम बदलत राहतात. सभासदाची मासिक वर्गणी 7,500 रुपयांच्या वर आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की जीएसटी लागतो, हे सांगणारे पान आज बरोबर असले तरी वर्षभराने तपासावेच लागेल. मुखपृष्ठावर 'अमुक महिन्यापर्यंत अद्ययावत' असे छापावे, खरेदीदाराला वर्षभर सुधारित प्रत द्यावी आणि महिन्यातून एक संध्याकाळ झूमवर शंका घ्याव्यात. चोरलेल्या प्रतीला यातले काही मिळत नाही.

कोणी आधीच असे काही काढले आहे असे दिसले तर हात मागे घेऊ नये. कॉपीराइट कायदा 1957 कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या मांडणीला देतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच हे स्पष्ट केले आहे. अधिनियमाचा मजकूर आपल्या भाष्यासह छापायलाही त्या कायद्याची आडकाठी नाही. दुसऱ्याची वाक्ये, तक्ते आणि नमुने मात्र उचलू नयेत. आपल्या ग्राहक सोसायट्यांचे खरे ताळेबंद नाव खोडून वापरण्याचा विचार आला असेल तर तोही सोडून द्यावा, कारण ठाण्यासारख्या ठिकाणी आकड्यांवरूनही इमारत ओळखणारे भेटतात. उदाहरणाची सोसायटी सरळ काल्पनिक घ्यावी.

शेवटची परीक्षा पैशाची. "असे काही काढले तर घ्याल का?" असे विचारू नये, आपल्याकडे लोक भिडेपोटी "हो, काढा की, नक्की घेऊ" म्हणतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. दोषदुरुस्ती अहवालाची कल्पना निवडली असे धरू. उत्पादन लिहायला घेण्याआधी एक पान लिहावे: काय मिळेल, कोणासाठी आहे, कोणत्या तारखेला मिळेल, किंमत किती. मग दीड तासाचा झूम वर्ग 299 रुपयांना जाहीर करावा, यूपीआयचा क्रमांक द्यावा आणि ओळखीच्या सोसायट्यांबाहेर, म्हणजे दुसऱ्या हिशेबनिसांच्या आणि शेजारच्या प्रभागांतल्या ग्रुपवर तो जाऊ द्यावा. आपल्या ओळखीचे दहा जण आपल्यासाठी पैसे देतात, अनोळखी दहा जण कामासाठी देतात. मोजायचे ते दुसरे. वर्गात ऐनवेळी विचारले जाणारे प्रश्न लिहून घेण्यासाठी घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवावे, कारण पुस्तिकेची प्रकरणे तिथूनच निघतात आणि त्यांचा क्रमही आपण ठरवला होता त्यापेक्षा वेगळा निघतो.

अनोळखी माणसे पुरेशी आली नाहीत तर सर्वांचे पैसे त्याच दिवशी परत करावेत, जे आले होते त्यांना फोन करून "या महिन्यात सोसायटीच्या कोणत्या कागदावर सर्वांत जास्त वेळ गेला?" एवढेच विचारावे, आणि उत्तर वहीत नव्या पानावर लिहावे. आली, तर लेखापरीक्षण अहवाल सोसायट्यांच्या हाती पडू लागण्याआधी पुस्तिका तयार ठेवण्याच्या बेताने मे महिन्यातच लिहायला बसावे.